खिडकीचाही जीर्णोद्धार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांचे स्मरण असते, दात्यांविषयी कृतज्ञता असते आणि वास्तूंचा इतिहास असतो. ते सारे या अंकात येईलच. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने अगदीच लहान आहे. तो आहे जुन्या लाकडी खिडकीचा. वास्तूची कोनशिला कोणी बसविली याची नोंद आपण जपून ठेवतो. परंतु ज्या खिडकीतून त्या वास्तूत वर्षानुवर्षे उजेड आला, ती कोणी घडविली, कोणी दुरुस्त केली आणि कोणी काढून टाकली, याची नोंद कोठेही नसते. अशा एका खिडकीची हकीकत येथे सांगावयाची आहे. तिच्यात एक कबुलीही आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबे इतवारी-महालातील जुनी घरे सोडून वर्धा रोडने दक्षिणेकडे सरकली. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक. २००४ साली इतवारीतील आमचे वडिलोपार्जित घर आम्ही पाडले. घरात लहानमोठ्या अकरा खिडक्या होत्या. त्यांतील दहा आम्ही जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यास किलोच्या भावाने विकल्या. कोणी आग्रह केला नव्हता, कोणी फसविले नव्हते. "जुनेपुराणे लाकूड, वाळवी लागेल," एवढ्या एका वाक्यावर निर्णय झाला. अकरावी खिडकी तेवढी आमच्या काकूंनी हट्टाने ठेवून घेतली.

नागपूर आणि सागवान

हे लाकूड सामान्य नव्हते, हे कळण्यास आम्हांला फार उशीर झाला. नागपूर शहराचा पाया देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास घातला. पुढे रघूजी भोसल्यांच्या काळात ते राजधानीचे शहर झाले आणि महालाच्या परिसरात वाडे उभे राहिले. जवळच चांद्याची जंगले. आलापल्ली-बल्लारपूर भागातील सागवान आजही नावाजलेले आहे. २०२३ साली अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवानच पाठविले गेले. त्या काळचे खांब, तुळया, चौकटी आणि झडपा याच लाकडाच्या.

लाकडी वास्तूला खरे भय होते अग्नीचे. काळ्या पाषाणाचा आणि विपुल काष्ठशिल्पाने नटलेला भोसल्यांचा नागपुरातील राजवाडा १८६४ साली आगीत भस्मसात झाला. पुण्याच्या शनिवारवाड्याचीही १८२८ साली तीच गत झाली. आगीत गेले ते गेले. त्याला इलाज नव्हता. परंतु आगीतून वाचलेले जे लाकूड पुढील शतकात आपण आपल्याच हातांनी भंगारात घातले, त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

जुन्या सागवानाचे वैशिष्ट्य त्याच्या गाभ्यात आहे. झाडाच्या खोडाचा बाहेरचा फिकट भाग कीड सहज खाते. आतला तपकिरी गाभा मात्र नैसर्गिक तेलामुळे वाळवीला नकोसा असतो. सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड पूर्वीच्या सुताराला सहज मिळे. आज बाजारात मिळणाऱ्या कमी वयाच्या सागवानात फिकट भागच अधिक असतो. म्हणजे जुनी खिडकी टाकून नवी लाकडी खिडकी बसविणारा बहुधा सरस लाकूड देऊन निरस लाकूड घेत असतो.

'रेल्वेखिडकी'

काकूंनी ठेवलेली खिडकी इतर खिडक्यांसारखी झडपांची नव्हती. तिची दोन तावदाने एकापुढे एक अशी वर-खाली सरकत. घरात सारे तिला 'रेल्वेखिडकी' म्हणत. रेल्वेच्या कारखान्यात काम केलेल्या एका सुताराने ती करून दिली, असे वडीलधारे सांगत.

नाव चुकीचे नव्हते. अशा खिडकीला इंग्रज 'सॅश' म्हणत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती इंग्लंडमध्ये रुळली. १६६६ च्या आगीने लंडन शहर होरपळले होते. म्हणून १७०९ मध्ये तेथे असा कायदा झाला, की खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाह्य पृष्ठभागापासून चार इंच आत बसवावी. इंग्रजांबरोबर ही खिडकी हिंदुस्थानात आली, पण येथील घरांत ती फारशी रुजली नाही. कारण उघड आहे. ती एका वेळी अर्धीच उघडते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेथे रात्री पूर्ण उघडणारी झडप हवी, दिवसा झिलमिली हवी आणि वाळ्याची ताटी बांधावयास मोकळी चौकट हवी.

सामान्य नागपूरकराने वर-खाली सरकणारी खिडकी पाहिली ती आगगाडीत. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वे आली. डब्याच्या अरुंद जागेत झडप बाहेर उघडणे धोक्याचे आणि आत उघडणे गैरसोयीचे; तेथे सरकणारे तावदान अत्यंत सोयीचे ठरले. मोतीबाग येथे २००२ साली सुरू झालेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जुन्या काळच्या त्या रेल्वेची ओळख आजही करून घेता येते. आपल्या मुलांना तेथे अवश्य न्यावे.

पेटीतील पासरी

काकूंची खिडकी नऊ वर्षे गोदामात उभी होती. खालची आडवी पट्टी कुजलेली, तावदाने रंगाने चिकटलेली, दोर तुटलेले. २०१३ साली मिहानलगतच्या आमच्या नव्या घरात ती बसवावी असे ठरले, तेव्हा एका वृद्ध सुतारास बोलाविले. त्यांनी पटाशीच्या टोकाने लाकूड ठिकठिकाणी टोचून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, लाकूड नाही सडलं जी. खालची पट्टीच सडली. बाकी त्याले काही झालं नाही."

सरकत्या खिडकीची रचना समजून घेण्यासारखी आहे. चौकटीच्या दोन्ही बाजूंस पोकळ लाकडी पेटी असते. तावदानाला बांधलेला दोर वरच्या चाकावरून पेटीत उतरतो आणि त्याच्या टोकाला वजन असते. दोन्ही बाजूंची वजने मिळून तावदानाच्या भाराएवढी झाली, की तावदान वाटेल तेथे स्थिर राहते. लहान मूलही ते एका हाताने सरकवू शकते. पेटीच्या आतील बाजूस एक लहान फळी मुद्दाम सुटी ठेवलेली असते. ती काढली, की तुटलेला दोर बदलता येतो. खिडकी बिघडणार हे गृहीत धरून, तिच्या दुरुस्तीचा दरवाजा घडविणाऱ्याने आधीच ठेवलेला असतो.

ती फळी सुतारबाबांनी काढली आणि आतून निघालेली वस्तू पाहून आम्ही थक्क झालो. वजन म्हणून आमच्या दुकानातील जुनी लोखंडी पासरी दोरास बांधलेली होती. पासरी म्हणजे पाच शेर, सुमारे ४.६७ किलो. दोन बाजूंस दोन पासऱ्या, म्हणजे सव्वानऊ किलोंहून थोडे अधिक. तावदानाचे वजन जवळपास तेवढेच भरले.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते. चालत्या दुकानाची वजने कोणी खिडकीत घालणार नाही. आपल्या देशात वजनमापांचा नवा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत शेर-पासरी व्यवहारातून बाद झाली. तेव्हा ही दुरुस्ती त्यानंतरची, म्हणजे आमच्या आजोबांच्या हयातीतील. दुकानात निरुपयोगी झालेले वजन त्यांनी भंगारात न देता खिडकीच्या कामी लावले. त्यांनी कोणताही लेख ठेवला नाही. खिडकी हाच त्यांचा लेख. आणि तसलेच दहा लेख आम्ही न वाचता तोलून विकले.

दुरुस्तीची रीत

सुतारबाबांनी जे केले ते येथे क्रमाने देतो, कारण आपल्या जुन्या धर्मशाळा, पाठशाळा आणि घरे यांतील साध्या झडपांनाही ते बहुतांशी लागू पडते.

प्रथम रंग. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव मोठा असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, तोंडावर योग्य मास्क बांधावा, लहान मुलांना दूर ठेवावे आणि निघालेला रंग झाडून न उडविता ओल्या फडक्याने टिपावा.

नंतर लाकूड. कूज बहुधा खालच्या पट्टीत आणि सांध्यांत असते, कारण पावसाचे पाणी तेथे साचते. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत तिरपा कापावा आणि त्याच जातीच्या, शक्य तर जुन्याच लाकडाचा तुकडा रेषा जुळवून जोडावा. जुन्या चौकटीचे सांधे लाकडी खुंटीवर असतात. खुंटी ठोकून काढली, की सांधा सुटतो आणि पुन्हा बसविता येतो. त्यात खिळे ठोकणे म्हणजे पुढील दुरुस्ती अशक्य करणे होय. पट्टीच्या खालच्या अंगास एक बारीक आडवी खाच ठेवली, की पाणी आत न ओघळता तेथूनच ठिबकते.

काचेसाठी लांबी करावी ती खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून. जवस हे आपल्या विदर्भाचेच पीक. जुनी काच किंचित लाटांची असते. ती दोष समजून बदलू नये. १९५९ साली काच वितळलेल्या कथिलावर पसरविण्याची पद्धत जाहीर झाली. आजची सपाट, स्वस्त काच तिच्यातून आली. तत्पूर्वीच्या काचेत तिच्या घडणीची खूण राहिली आहे. लाकडास बेलतेलाचा हात द्यावा, मात्र तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप पेट घेतात. मोकळी पसरून वाळवावीत.

शेवटी सर्वांत महत्त्वाचा नियम: पावसाळ्यात अडकणाऱ्या खिडकीला पावसाळ्यात रंधा मारू नये. लाकूड ओल्या हवेत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. श्रावणात तासलेली झडप वैशाखात फटी दाखविते आणि मग "लाकूड वाकले" असा दोष तिच्यावर येतो. खाचेत मेणबत्तीचा तुकडा घासावा आणि थांबावे.

वाळवीविषयी आपल्या समाजात स्वाभाविक संकोच असतो. कीड लागल्यावर विष मारावे, की लागूच नये अशी व्यवस्था करावी? सुतारकाम आणि यत्नाचार यांचे उत्तर येथे एकच आहे. चौकट ओल्या भिंतीपासून आणि मातीपासून अलग ठेवावी, हवा खेळती ठेवावी, फटी बुजवाव्यात आणि हे सारे चातुर्मासापूर्वी, जीवोत्पत्ती वाढण्याआधी आटोपावे. कोरड्या लाकडाकडे वाळवी सहसा फिरकत नाही.

मिहानची काच

आज आमच्या घराच्या गच्चीवरून मिहानच्या काचेच्या इमारती दिसतात. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ साली स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांच्या जमिनींवर हा प्रकल्प उभा राहिला. येथे रोजगार आला, रुग्णालय आले. त्याचा आनंदच आहे. मात्र गाव हलते तेव्हा जुन्या घराच्या चौकटीही हलतात, हे आपण इतवारी सोडून आलेल्यांनी तरी विसरू नये.

याच मिहानमध्ये २०१५ साली विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र सुरू झाले. विमान बिघडण्याची वाट कोणी पाहत नाही. ठरलेल्या तासांनंतर त्याचा भाग न् भाग तपासला जातो, झिजलेला तेवढा बदलतात आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवतात. विमानास जो न्याय, तोच खिडकीस लावावा, एवढेच सुचवावयाचे आहे.

नव्या मंदिराच्या उभारणीपेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, असे आपले वडीलधारे सांगत आले. कारंजा (लाड) येथील काष्ठासंघ मंदिराचे लाकडी कोरीवकाम आपण अभिमानाने पाहतो. ते टिकले, कारण कोणीतरी टिकविले. तेव्हा सुवर्णमहोत्सवानिमित्त एक नम्र सूचना: आपल्या ताब्यातील जुन्या वास्तूंच्या दारे-खिडक्यांची एक वही करावी. दर वर्षी अक्षय्य तृतीयेनंतर पाहणी व्हावी. कोणतीही खिडकी काढण्यापूर्वी जाणत्या सुताराचे मत घ्यावे आणि त्याच्याजवळ दोन तरुणांना बसवावे. कारण लाकूड टिकले तरी हात टिकले नाहीत, तर दुरुस्ती संपली.

आमच्या खिडकीत आजही त्याच पासऱ्या आहेत. दोर २०१३ चा आहे. सुटी फळी तशीच सुटी ठेवली आहे. तिच्या आतल्या अंगावर दुरुस्तीचे वर्ष पेन्सिलीने लिहिले आहे आणि त्याखाली पुढच्या दुरुस्तीसाठी जागा सोडली आहे.