शांत शिफ्टमधला विमान नियंत्रक: रिकाम्या वेळेचे शास्त्र

हवाई वाहतूक नियंत्रणाची चर्चा बहुतेक वेळा गर्दीच्या तासांभोवती फिरते. पण याच कामात असेही तास येतात, की रडारच्या पडद्यावर एखादेच विमान असते किंवा एकही नसते. त्या तासांत नियंत्रक काय करतो, हा प्रश्न वरवर कुतूहलाचा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रवाशांच्या जिवाशी निगडित आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे: शांत तासांत वेळ कसा घालवायचा हे ठरवणे हा नियंत्रणाच्या कामाचाच भाग आहे. ते ठरवण्याची मुख्य कसोटी म्हणजे, हातातला विरंगुळा तत्क्षणी सोडून लक्ष पूर्णपणे विमानाकडे नेता येते की नाही.

१. शांततेचे प्रकार

शांत वेळ सगळीकडे सारखी नसते. तिचे तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार मोठ्या नियंत्रण केंद्रातल्या रात्रीचा. अमेरिकेत आणि युरोपात मध्यरात्रीनंतर प्रवासी वाहतूक ओसरते. मग दिवसा वेगवेगळ्या नियंत्रकांकडे असलेले आकाशाचे विभाग, म्हणजे सेक्टर, एकत्र करून एकाच टेबलावर आणले जातात. विमाने कमी असली तरी देखरेखीखालचा प्रदेश मोठा होतो आणि बाजूची खुर्ची रिकामी असते. रात्र म्हणजे शांतता हे समीकरण मात्र सर्वत्र लागू पडत नाही. मुंबईहून आखाती देशांकडे आणि युरोपकडे जाणारी अनेक उड्डाणे मध्यरात्र ते पहाट या वेळात होतात. तिथल्या नियंत्रकाला रात्र निवांत मिळत नाही.

दुसरा प्रकार लहान विमानतळाचा. कोल्हापूर किंवा जळगावसारख्या ठिकाणी दिवसाची उड्डाणे मोजकी असतात आणि एका विमानानंतर दुसरे येईपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो. इथे शांतता भर दिवसा असते आणि झोपेपेक्षा कंटाळा हा मोठा शत्रू ठरतो.

तिसरा प्रकार अपवादात्मक. २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात भारतातली देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद होती. त्या एप्रिलमध्ये युरोपातली वाहतूक आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ८८ टक्क्यांनी घटली. अशा शांततेत आणखी एक धोका असतो. विमानांची गर्दी हाताळण्याचे कसब सरावावर टिकते, आणि सराव तुटला की ते बोथट होते.

२. रिकाम्या पडद्यापुढचे मन

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलापुढे एक कोडे उभे राहिले. पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांतले रडारचालक पहारा लांबला की पडद्यावरच्या खुणा हुकवू लागत. केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक प्रयोग रचला. घड्याळासारख्या कोऱ्या तबकडीवर एक काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरकत असे. अधूनमधून तो एकदम दोन टप्पे उडी मारी. बघणाऱ्याने ती उडी टिपायची. दोन तासांच्या बैठकीत पहिल्या अर्ध्या तासानंतरच टिपण्याचे प्रमाण स्पष्ट घसरले. १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि सतर्कतेच्या अभ्यासाचा पाया घातला गेला.

नियंत्रकांच्या बाबतीत हाच धागा रिचर्ड थॅकरे यांनी पुढे नेला. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या ओक्लाहोमा सिटी इथल्या वैद्यकीय संस्थेत त्यांनी १९७५ मध्ये सहकाऱ्यांसह रडार नियंत्रणाच्या नकली कामावर प्रयोग केले. ज्यांना काम अधिक कंटाळवाणे वाटले, त्यांच्यात उशिराने मिळणारे प्रतिसाद वाढले. शिवाय त्यांनी अधिक ताणही नोंदवला. कंटाळा म्हणजे आराम नव्हे, हे त्यातून दिसते. काहीच घडत नसताना ‘आता घडेल’ या तयारीत राहणे हे कष्टाचे काम आहे, आणि पुढच्या संशोधनानेही हेच पुष्ट केले. म्हणून ‘नियंत्रकाने नुसते बघत बसावे’ ही अपेक्षा मानवी मेंदूच्या क्षमतेशी विसंगत ठरते.

इथे कंटाळा आणि झोप यांत भेद करणे आवश्यक आहे. कंटाळा उत्तेजनाच्या अभावातून येतो. थोडे काम, थोडे बोलणे त्याला दूर करते. झोपेची ओढ शरीराच्या लयीतून आणि साचलेल्या जागरणातून येते. पहाटे २ ते ६ च्या दरम्यान ती सर्वाधिक असते. विरंगुळा तिला काही काळ झाकतो, भागवत मात्र नाही. या दोन गोष्टींवर एकच उपाय शोधल्यामुळे बरेच नियम फसले आहेत.

३. वेळ घालवण्याचे मार्ग

पहिला मार्ग: कामालाच काम जोडणे. शांत वेळी नियंत्रक हवामानाच्या नोंदी पुन्हा वाचतो, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना) तपासतो, धावपट्टीवर दुर्बीण फिरवतो, ‘आत्ता या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर?’ असे प्रसंग मनात उभे करून त्यांची उत्तरे शोधतो. गर्दी नसल्याने वळणाचा मार्ग टाळून विमानाला थेट पुढच्या बिंदूकडे जाऊ देता येते. वैमानिकाचे इंधन वाचते आणि नियंत्रकाचे डोके चालू राहते. या मार्गात लक्ष विषयापासून दूर जात नाही, हा त्याचा मोठा गुण.

पण कामाच्या नावाखाली सगळेच निर्दोष ठरत नाही. २७ ऑगस्ट २००६ रोजी पहाटे अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन विमानतळाच्या टॉवरमध्ये एकटाच नियंत्रक होता आणि शिफ्टपूर्वी त्याला जेमतेम दोन तास झोप मिळाली होती. कॉमएअरच्या विमानाला उड्डाणाची परवानगी देऊन तो विमानांची संख्या नोंदवण्याच्या कार्यालयीन कामाकडे वळला. वैमानिक चुकून आखूड धावपट्टीवर गेले आणि ४९ माणसे मरण पावली. अपघाताचे कारण म्हणून तपासात वैमानिकांचीच चूक नोंदवली गेली. तरीही, विमानांच्या संख्येचा तो आकडा आणखी दोन मिनिटांनी लिहिला असता तर काहीही बिघडले नसते.

दुसरा मार्ग: माणसांशी बोलणे. शेजारच्या सेक्टरशी हॉटलाइनवर, बाजूच्या सहकाऱ्याशी, कधी रात्रीच्या एकाकी वैमानिकाशी. कंटाळ्यावर याइतके नैसर्गिक औषध नाही. बोलणारा माणूस जागा आहे हे दुसऱ्याला कळते, हा त्याचा अतिरिक्त लाभ. सहकारी त्याच खोलीत असेल तर पडद्यावर काही घडताच दोघेही आपोआप गप्प होतात. दूरच्या माणसाला मात्र ही परिस्थिती दिसत नसते. ८ ऑगस्ट २००९ रोजी न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवर एक लहान विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ९ जण दगावले. त्या वेळी टेटरबोरो विमानतळाचा नियंत्रक फोनवर खासगी संभाषणात होता. तपास यंत्रणेने ते संभाषण अपघाताला हातभार लावणारा घटक मानले.

तिसरा मार्ग: वाचन, शब्दकोडी, रेडिओ, पडद्यावरची करमणूक. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या केंद्रातला एक नियंत्रक रात्री चित्रपट पाहत असताना त्याचा माइक चुकून चालू राहिला आणि तीन मिनिटांहून अधिक काळ चित्रपटाचा आवाज वैमानिकांना ऐकू गेला. प्रसंग लाजिरवाणा होता, पण त्यातून निघालेला धोरणात्मक निष्कर्ष अधिक महत्त्वाचा. त्याच वर्षी संघीय विमान वाहतूक प्रशासन आणि नियंत्रकांची संघटना यांच्यात झालेल्या करारात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात, वाहतूक अनुमती देईल तेव्हा, रेडिओ ऐकण्यास आणि योग्य ते छापील साहित्य वाचण्यास मुभा मिळाली. चित्रपट वर्ज्य आणि पुस्तक ग्राह्य हा भेद तर्काला धरून आहे. चित्रपट आपल्या गतीने पुढे जातो, डोळे आणि कान दोन्ही अडवतो आणि पुढे काय होणार याची ओढ लावतो. पुस्तक वाचकाच्या गतीने चालते, कान मोकळे ठेवते आणि वाक्याच्या मध्यावर मिटता येते.

चौथा मार्ग: विश्रांती. याचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा.

४. झोपेचा प्रश्न

२३ मार्च २०११ रोजी मध्यरात्रीनंतर वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर दोन प्रवासी विमाने टॉवरचा प्रतिसाद न मिळताच उतरली. टॉवरमधला एकमेव पर्यवेक्षक झोपी गेला होता. ती त्याची सलग चौथी रात्रपाळी होती. त्यानंतरच्या आठवड्यांत अशी आणखी प्रकरणे उघड झाली. रात्री एकच नियंत्रक असलेल्या विमानतळांवर दुसरा नेमण्यात आला आणि दोन शिफ्टमधली किमान विश्रांती ८ तासांवरून ९ तासांवर आली. कामाच्या वेळात ठरवून झोप घेऊ देण्याची शिफारस मात्र अमेरिकेचे तत्कालीन परिवहन मंत्री रे लाहूड यांनी जाहीरपणे फेटाळली.

शास्त्राचा कौल वेगळा आहे. नासाने वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात सरासरी २६ मिनिटांच्या झोपेनेही सतर्कता आणि कामगिरी लक्षणीय सुधारली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूझीलंडच्या नियंत्रकांना रात्रपाळीत ४० मिनिटांची संधी दिली गेली. कामाच्या जागी त्यांची झोप थोडीच आणि हलकी झाली, तरी शिफ्टच्या अखेरीस त्यांची सतर्कता अधिक चांगली आढळली. जागे झाल्यावर काही मिनिटे डोके जड राहते, म्हणून झोपेतून उठून थेट पडद्यापुढे बसू नये, एवढे पथ्य पाळावे लागते.

पण झोपेला मुभा म्हणजे केवळ एकाने आडवे होणे नव्हे. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमाने धडकली आणि ७१ जण मरण पावले. त्या आकाशाची जबाबदारी झुरिच केंद्राकडे होती. वाहतूक विरळ म्हणून दोनपैकी एक नियंत्रक विश्रांतीला गेला होता. ही प्रथा व्यवस्थापनाने बराच काळ चालू दिली होती. उरलेला एकटा दोन टेबले सांभाळत होता. त्याच रात्री दुरुस्तीमुळे टक्करीची सूचना देणारी दृश्य यंत्रणा आणि मुख्य दूरध्वनी बंद होते. उशिरा आलेल्या एका विमानासाठी फोन लावण्यात त्याचे लक्ष गुंतले. शेजारच्या कार्ल्सरूए केंद्रातल्या नियंत्रकाला धोका दिसला, पण त्याचा फोन झुरिचला लागला नाही.

या घटनेतून शांत तासांचे खरे स्वरूप उमगते. वाहतूक कमी म्हणून माणसे कमी केली जातात. वाहतूक कमी म्हणून यंत्रांची दुरुस्ती याच वेळी काढली जाते. आणि नेमकी याच वेळी शरीराची लय तळाला असते. सुरक्षेची तीन आवरणे एकदम पातळ होतात. म्हणजे शांत तास सोपा असतो तो फक्त विमानांच्या संख्येपुरता.

५. निकष

वरील विवेचनावरून शांत वेळेतल्या कोणत्याही कृतीला चार प्रश्न विचारता येतात.

(अ) ती मध्येच सोडता येते का, आणि सोडल्यावर मन तिच्यात अडकून राहत नाही ना?

(आ) रेडिओसाठी कान आणि पडद्यासाठी नजर मोकळी राहते का?

(इ) चालू विमानाला दिलेली परवानगी प्रत्यक्षात पार पडेपर्यंत ही कृती पुढे ढकलता येते का?

(ई) ती वरिष्ठांदेखत करता येते का?

शेवटचा प्रश्न नैतिकतेचा कमी आणि रचनेचा अधिक आहे. सरसकट बंदी घातली की कंटाळा नाहीसा होत नाही. तो लपून भागवला जातो. लपवलेली करमणूक सर्वांत धोकादायक, कारण तिला वेळेचे बंधन नसते, सहकाऱ्याचे लक्ष नसते आणि चूक झाली तर ती सांगण्याची सोय नसते. उघड मुभेला मात्र मर्यादा घालता येतात.

६. व्यवस्थेचे कर्तव्य

नियंत्रकाच्या स्वयंशिस्तीवर सगळा भार टाकणे अन्यायाचे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियंत्रकांच्या थकव्याचे व्यवस्थापन २०२० पासून आपल्या मानकांत आणले. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्यांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांना मर्यादा घातल्या आहेत. तास मोजणे ही सुरुवात झाली. त्यापुढे तीन गोष्टी हव्यात. शांत रात्रीही दुसरा जागा माणूस हाकेच्या अंतरावर असावा. दुरुस्तीची कामे नियंत्रकाला त्यांच्या परिणामांसह समजावून मगच सुरू व्हावीत. आणि खुर्ची बदलताना होणारा हँडओव्हर शांत वेळीही यादीनुसारच व्हावा. सांगण्यासारखे काही नाही असे वाटते, तेव्हाच बंद असलेली फोनलाइन सांगायची राहून जाते.

तंत्रज्ञान वेगळी दिशा सुचवते. स्वीडनमध्ये २०१५ पासून ओर्नशोल्ड्सविक विमानतळाचे नियंत्रण सुंड्सवाल इथून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने होते. अशा केंद्रात अनेक लहान विमानतळांचे नियंत्रक एकत्र बसू शकतात आणि एकाकीपणा कमी होऊ शकतो. पण हीच सोय माणसे कमी करण्यासाठी वापरली, तर पुन्हा एकच माणूस दोन टेबलांपुढे उभा राहील.

गर्दीच्या तासासाठी आपण नियंत्रकाला वर्षानुवर्षे शिकवतो, तपासतो, परवाना देतो. शांत तासासाठीही प्रशिक्षण हवे: काय वाचावे, केव्हा बोलावे, कोणते काम केव्हा बाजूला ठेवावे, आणि ‘मला झोप येते आहे’ हे शिक्षेच्या भीतीविना कसे सांगावे. हे शेवटचे वाक्य ज्या टॉवरमध्ये मोकळेपणाने उच्चारता येते, तो टॉवर प्रवाशांसाठी अधिक सुरक्षित आहे.