मानमोडी, काढा आणि लाल टिकली

आमच्या आजीच्या तोंडी 'मानमोडी' हा शब्द नेहमी असायचा. म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. बेंबळी तेव्हा निजामाच्या राज्यात. जूनमध्ये मुंबईत शिरलेला हा ताप सप्टेंबर-ऑक्टोबरात खेडोपाडी पोचला आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आजी म्हणायची, "अडुळशाच्या काढ्यानं वाचलो आम्ही." काढा पिऊनही जे गेले, ते सांगायला उरलेच नव्हते... हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

मग काढ्यात गुण आहे की नाही, हे ठरवायचं कसं? १९१८ साली ते शक्यच नव्हतं, कारण माणसाच्या फ्लूचा विषाणू लंडनमध्ये सापडला तो १९३३ साली. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांनी पाहिलं की हा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटवतो. झालं, मोजायला माप मिळालं!

आज प्रयोगशाळेत वनस्पतीचा अर्क काढतात. तो मुळात जिवंत पेशींनाच मारत नाही ना, हे आधी बघतात. मग काही पेशींना विषाणू आणि अर्क, काहींना नुसता विषाणू देतात. नंतर त्यातला द्रव घेऊन त्यात रक्तपेशी मिसळतात. विषाणू पुरेसा असेल तर त्या जाळ्यासारख्या पसरून राहतात. नसेल तर खाली बसून तळाशी कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका दिसतो. पण बशीतला गुण माणसाच्या अंगात उतरेलच असं नाही. पोटात गेलेला अर्क रक्तात किती पोचतो, हा पुढचा प्रश्न. तो माणसांवरच्या चाचणीतच सुटतो.

आपल्या मसाल्यातलं चक्रीफूल घ्या. त्यातल्या शिकिमिक आम्लापासून टॅमिफ्लू बनवतात. अमेरिकेत १९९९ साली त्याला मान्यता मिळाली. पण चक्रीफूल उकळून टॅमिफ्लू होत नाही, मध्ये रसायनशास्त्राच्या बऱ्याच पायऱ्या आहेत.

हे सगळं मी शिकलो ते एका चुकीमुळे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यात शाळा बंद झाल्या आणि नात बेंबळीला आली. गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी होतीच. तिसऱ्या दिवशी ती तापली. सूनबाई म्हणाली, "अण्णा, दवाखान्यात नेऊ या." मी म्हणालो, "तुळस-गुळवेलीचा काढा दे, मानमोडीत हेच केलं होतं." दोन दिवस असे गेले. टॅमिफ्लूचा खरा उपयोग पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत, हे मला डॉक्टरांकडून कळलं तेव्हा हातपाय गळाले. घशाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेला आणि तो स्वाइन फ्लूच निघाला.

पोर बरी झाली. आता घरात सगळे म्हणतात, "अण्णांच्या काढ्यानं बरी झाली." मी मान हलवतो. आजीची गोष्ट अशीच तयार झाली असणार.

असो. अडुळसा अजून परसात आहे. खोकल्याला घेतोही. पण ताप आला की आधी डॉक्टर, मग काढा.