वैमानिकाची वर्दी

२६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि पुढे विजेच्या तारांत जाऊन कोसळलं. ११८ पैकी ५५ जण दगावले. नाक उचलायला झालेला उशीर आणि रस्त्यावरची न रोखलेली वाहतूक, या दोन्हींवर चौकशीत ठपका आला. डावी चाकं ट्रकला सुमारे सात फुटांवर लागली. ती हातभर वरून गेली असती, तर त्या उशिराची वर्दी कोणी दिली असती? वैमानिकानेच, पण हे काम त्याच्या गळ्यात आलं कुठून?

१९३७ च्या विमान नियमांतला ६८ वा नियम सांगायचा, की अपघाताची सूचना विमानाच्या प्रमुखाने २४ तासांच्या आत नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालकांना पाठवावी. शिवाय जिल्हादंडाधिकारी आणि जवळचं पोलीस ठाणं यांनाही कळवावं. सोपं उत्तर म्हणजे हे जहाजांवरून आलं. १८९४ च्या ब्रिटिश नौवहन कायद्यात मालकाला किंवा कप्तानाला २४ तासांचीच मुदत होती. प्रमुख माणूस आणि मुदत तिथली, हे मान्य. पण भर समुद्रात जिल्हादंडाधिकारी कुठला? तो १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या ८३ व्या कलमात सापडतो: जवळच्या स्टेशनमास्तरने जिल्हादंडाधिकाऱ्याला आणि ठाणे अंमलदाराला विनाविलंब कळवावं. ब्रिटिश विमान नियमांतही पोलीस होते, हा आक्षेप खरा. दंडाधिकाऱ्याची जोड मात्र अस्सल इथली. नियम लिहिणाऱ्याच्या टेबलावर रेल्वे कायदा उघडा असणार, असं मी खुशाल धरून चालतो. त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे: ज्या प्रकारात एरवी माणसं मरतात तसा अपघात, मग या खेपेला कोणी मेलं नसलं तरी, कळवायचाच. आजच्या नियमांतल्या ‘गंभीर घटने’चा पूर्वज मला इथेच दिसतो.

या वंशावळीत एक सांधा कच्चा आहे. स्टेशनमास्तर बहुधा दुसऱ्याची चूक कळवायचा. वैमानिकाला स्वतःची कळवावी लागते. २०१२ च्या तपास नियमांनी म्हणूनच बजावलं, की तपास अपघात टाळण्यासाठी आहे, दोष ठरवण्यासाठी नव्हे. तरी त्याच नियमांत भारतातल्या अपघाताची खबर जिल्हादंडाधिकारी आणि ठाण्याला द्यायची तरतूद कायम राहिली, आणि ठाण्यात गेलेला कागद गुन्हा कोणाचा हेच आधी विचारतो.