बलुते आणि पगार

‘वतनदार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पागोटेवाला पाटील उभा राहतो, नाहीतर दौत-लेखणी घेतलेला कुलकर्णी. पण मुंबई सरकारच्या १८७४ च्या वतन कायद्याच्या हिशेबी गावचा महारही वतनदारच होता. पाटील-कुलकर्णी वरिष्ठ, हा कनिष्ठ, एवढाच फरक. हा ‘एवढाच’ केवढा होता, ते पाहा.

वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवायची, सरकारी टपाल पुढच्या गावी न्यायचे, रयतेला चावडीवर बोलावून आणायचे, शिवेचा तंटा निघाला की हद्द दाखवायची, ही त्याची कामे. शिवेच्या भांडणात त्याच्या शब्दाला मोल होते. वसुलाची थैली निर्धास्तपणे त्याच्या हवाली होई. अशा भरवशाच्या माणसाला चावडीच्या आत मात्र जागा नव्हती! शिवाय मेलेली गुरे ओढणे आणि मयताचा सांगावा परगावी नेणे ही गावाची कामे होतीच.

आणि मोबदला काय? थोडी वतनी जमीन आणि सुगीला खळ्यावरचे बलुते. भाऊबंदांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले, त्यावर पुन्हा ‘जुडी’ नावाचा सारा. बलुत्याची तर गंमतच होती. काम सरकारने घ्यायचे आणि दाणे कुणब्याने द्यायचे! कुणबी रुसला की दाणे बंद. राबून मिळवलेला हक्क, पण तो पदर पसरून मागावा लागे. याला कुणी ‘सेवा’ म्हणत. शब्द गोड आहे, पण पोटाला काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलात वतन कायदा सुधारण्याचे बिल मांडले. या नोकरीला रात्र नाही, दिवस नाही, नेमलेला माणूस घरी नसला तर त्याच्या घरच्यांना कामावर नेतात, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. उपाय अगदी व्यवहारी होता. बलुत्याऐवजी पैशाची पट्टी ठरवावी, ती शेतसाऱ्याबरोबर वसूल व्हावी. ज्याला नोकरी नको त्याने जमिनीचा पुरा सारा भरावा आणि मोकळे व्हावे. म्हणजे भीक नको, दया नको; काम ठरवा, दाम ठरवा, देणारा कोण ते ठरवा. यात जगावेगळे काय होते? तरी विरोध असा झाला की १९२९ मध्ये बिल मागे घ्यावे लागले. पुढे वाढत्या जुडीविरुद्ध १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला परिषद भरली.

कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. स्वातंत्र्यानंतरही अकरा वर्षे गेली! जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता येऊ नयेत अशा अटीवर.

गुरुजी, मुलांना तलाठी चावडीवर नेऊन जुने सात-बारा उतारे दाखवा. ‘महार वतन’ असा शेरा कुठे दिसला, तर त्या तुकड्याखाली किती नावे आहेत तेवढी त्यांना मोजू द्या.