खेळाचे आंकडे आणि खेळाचा इतिहास

‘पुस्तक-क्रिकेट’ ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळाच. सावद्याच्या एखाद्या ओटीवर काय किंवा मुंबईच्या चाळींत काय, खेळ एकच. पुस्तक कोठेंहि उघडावें, डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा आंकडा पाहावा, तितक्या धांवा मांडाव्या, आणि शून्य आलें कीं गडी बाद समजावा. डाव्या पानावर समच आंकडा येतो. म्हणजे 0, 2, 4, 6 आणि 8. हे पांचहि सारख्याच वेळां येतात असें धरलें, तर गडी बाद होण्यापूर्वीं सरासरीनें चार वेळां धांवा मिळतात, आणि प्रत्येक वेळीं सरासरी पांच. अर्थात् गड्यामागें 20 धांवा, आणि दहा गड्यांचा डाव 200 चा! पोरांनीं शोधलेला हा हिशेब खऱ्या क्रिकेटच्या बराच जवळ जातो.

आतां संगणकावर संघ चालविण्याचे खेळ निघाले आहेत. त्यांत खेळणारा स्वतः बॅट हातीं धरीत नाहीं. तो संघ निवडतो, नायक नेमतो, आणि गतकाळांतील नामांकित खेळाडूंस पुन्हां मैदानांत उतरवितो. प्रत्येकाचे गुण आंकड्यांनीं ठरलेले असतात. हे आंकडे जितके सूक्ष्म, तितका खेळ इतिहासाशीं प्रामाणिक, असा एक समज आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

याला सावद्याच्याच इतिहासांतील एक प्रसंग उपयोगीं पडेल. 1852 सालीं सरकारी पाहणी होऊन जमिनीचा आकार नव्यानें ठरूं लागला, तेव्हां सावद्यास दहा ते पंधरा हजार लोक विरोधासाठीं जमले. फौज येऊन पुढाऱ्यांस पकडीपर्यंत ते हटले नाहींत. पाहणीच्या वहींत शेताचा आकार होता. शेत कसणाऱ्याचें मन त्या वहींत नव्हतें.

क्रिकेटच्या वहीचेंहि असेंच आहे. बाळू पालवणकर यांचें उदाहरण घ्या. चर्मकार समाजांत जन्मलेले हे डावखुरे फिरकी गोलंदाज पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत चाकरी करीत पुढें आले. 1906 सालीं हिंदु संघानें मुंबईस युरोपियनांस हरविलें, त्यांत त्यांचा मोठा वांटा होता. 1911 च्या विलायतच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण सोबती खुशाल झेलीत. पण खेळ थांबला कीं त्यांचा चहा मात्र बाहेर, मातीच्या पात्रांत येई. हिंदु संघाचे नायक म्हणून त्यांची नेमणूक कधींच झाली नाहीं.

आतां केवळ गुण मोजणारा संगणक बाळूंस पहिल्याच दिवशीं नायक करील. न्यायाच्या दृष्टीनें तें योग्यच. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तें खोटें ठरेल. त्या स्पर्धेंत निवडीला धर्माचीहि चौकट होती. 1937 पासून ती पंचरंगी झाली. ख्रिस्ती धर्माचे विजय हजारे ‘रेस्ट’ संघाकडून खेळत. 1943 सालीं हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 धांवांपैकीं 309 त्यांनीं एकट्यानें काढल्या. संगणकाच्या खेळांत हजाऱ्यांस हिंदु संघांत घेतां येऊं लागलें, तर ती स्पर्धा पंचरंगी उरतच नाहीं.

अमेरिकेंतील बेसबॉलमध्येंहि हाच प्रश्न उभा राहिला. विसाव्या शतकांत मोठ्या लीगचें दार कृष्णवर्णीयांस बंद होतें. तें 1947 सालीं जॅकी रॉबिन्सन यांनीं उघडलें. तेथें 1961 सालीं ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा पत्त्यांचा व फांशांचा बेसबॉल निघाला. पण कृष्णवर्णीयांच्या जुन्या लीगमधील नामवंतांचा संच त्यांत 2009 सालीं आला. त्या लीगचे आंकडे अधिकृत विक्रमांत मिळविण्यास तर 2024 साल उजाडलें. तेव्हां जॉश गिब्सन यांची 0.372 ही फलंदाजीची सरासरी आजवरच्या सर्वांच्या वर गेली.

मग खेळ रचणाऱ्यानें करावें काय? बंदी जशीच्या तशी ठेवली, तर खेळणारा जुन्या अन्यायाचा कारकून होतो. ती पुसून टाकली, तर अन्याय झालाच नव्हता असें नव्या पिढीस वाटतें. माझ्या मतें, बाळूंस नायक करण्याची मुभा खेळांत असावी, परंतु ती फुकट नसावी. निवडसमितीशीं झगडावें लागावें, वर्गणीदार रुसावे, कांहीं गडी घरीं बसावे. 1920 सालीं बाळूंस डावललें म्हणून विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनीं संघांतून अंग काढून घेतलें होतें. पुढें 1923 सालीं विठ्ठल नायक झाले. ही किंमत ज्या खेळांत मोजावी लागेल, तोच त्या काळाशीं प्रामाणिक म्हणतां येईल. आणि तो खेळणाऱ्या मुलास, आंकडे पाठ न करतांहि, कोणी काय सोसलें हें कळेल.