मोफत म्हणजे मुक्त नव्हे : ऑनलाइन अभ्यासक्रमांचे परवाने वाचताना

चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करणारी आणि आळंदीत खोली घेऊन राहणारी मुले मोबाईलवर 'एमआयटीचे मोफत कोर्स' शोधतात, तेव्हा बऱ्याचदा आधी आळंदीतलेच एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालय समोर येते. अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही वेगळी संस्था. तिने 2001 मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली. आज तिथे अडीच हजारांहून अधिक अभ्यासक्रम आहेत. प्रवेश नाही, फी नाही, प्रमाणपत्रही नाही. 2002 मध्ये युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव मिळाले.

'मोफत' आणि 'मुक्त' यांतला फरक आम्हाला उशिरा कळला. आमच्या अभ्यासगटाने एका विद्यापीठाच्या समाजशास्त्राच्या ऑनलाइन टिपणांचा मराठी अनुवाद केला. रात्रपाळ्या सांभाळून चार महिने काम चालले. पुस्तिका छापायला देताना मूळ पानाच्या तळाची ओळ कोणीतरी वाचली : सर्व हक्क राखीव. परवानगीसाठी मेल केले, उत्तर आले नाही. तो अनुवाद अजून फाइलमध्येच पडून आहे.

कायद्याने कोणतेही लेखन निर्माण होताच त्यावर कॉपीराइट लागू होतो, नोंदणी लागत नाही. वाचायला मिळते म्हणून भाषांतर करता येते, असे नाही. भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचा. मुक्त परवाना म्हणजे त्या हक्कधारकाने आधीच सर्वांना लिहून दिलेली परवानगी. सर्वांत प्रचलित परवाने 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चे, 2002 पासूनचे. त्यांतली अक्षरे ओळखता आली की बरेच काम होते. 'बीवाय' म्हणजे मूळ लेखकाचे श्रेय द्या. 'एसए' म्हणजे बदल करून प्रसिद्ध केलेत तर तुमची आवृत्तीही त्याच परवान्याने खुली ठेवा. 'एनसी' म्हणजे व्यापारी फायद्यासाठी वापरू नका. 'एनडी' असेल तर जसेच्या तसे वाटता येते, पण बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करता येत नाही, आणि अनुवाद हा बदलच धरला जातो. म्हणजे मराठीत काम करणाऱ्यांसाठी 'एनडी' दिसले की दार बंद.

हा प्रश्न आळंदीला तसा नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या हाती लिहिलेल्या प्रतींत पाठभेद वाढत गेले, तेव्हा एकनाथांनी 1584 मध्ये ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. आजच्या भाषेत तो 'एनडी' परवानाच झाला. मूळ पाठ जपायचा असेल तर त्यालाही अर्थ आहे. शिकवण्याच्या साहित्याला मात्र तो बहुधा मारक ठरतो.

अमेरिकेतल्या एमआयटीचे साहित्य बीवाय-एनसी-एसए परवान्याखाली आहे. त्याचा मराठी अनुवाद करून विहारातल्या अभ्यासिकेत फुकट वाटता येतो. शिकवणी वर्गाने तोच अनुवाद नफ्यासाठी विकणे बसत नाही.

आमच्या मुलांना अधिक उपयोगी पडले ते मुंबईतले काम. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प केंद्र सरकारच्या निधीतून चालत आला आहे. लिबरऑफिस, लिनक्स, पायथन, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरवर साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, आणि परवाना बीवाय-एसए. प्रत्येक धड्याची संहिता वेळेच्या नोंदीसह वेगळी ठेवलेली असते, म्हणून दुसऱ्या भाषेत आवाज देणे सोपे जाते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे धडे आहेत. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच राहतो, आवाज मराठी. कामावर सॉफ्टवेअर इंग्रजीतच हाताळायचे असते, तेव्हा आम्हाला ही पद्धत योग्यच वाटते. धडे उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालवता येतात. दहाबाय दहाच्या खोलीत चौघे राहणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

उलट बाजूला 'इग्नू'चे ई-ज्ञानकोश पाहा. आपल्या कितीतरी कार्यकर्त्यांनी तिथल्या पुस्तिकांवर पदव्या केल्या. वाचायला सारे मोफत, पण वेगळे नमूद केलेले नसेल तर सर्व हक्क राखीव. 2017 पासूनच्या 'स्वयम्' मंचावरही शिकणे मोफत आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क, असा व्यवहार आहे. जनतेच्या पैशातून तयार झालेले साहित्य जनतेला आपल्या भाषेत नेता येऊ नये, हे आम्हाला पटत नाही. मागणी करायची असेल तर ती 'मोफत द्या' एवढीच नको, 'परवाना खुला करा' अशी हवी.

बाबासाहेबांच्या लेखनाबाबतही गोंधळ दिसतो. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांपर्यंत कॉपीराइट राहतो. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले लेखन, उदाहरणार्थ 1936 चे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', 1 जानेवारी 2017 पासून सर्वांचे झाले. निधनानंतर प्रथम छापल्या गेलेल्या लेखनाची 60 वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' 1957 चे, म्हणून ते 2018 पासून खुले. 'रिडल्स इन हिंदुइझम' शासनाच्या खंडांतून प्रथम 1987 मध्ये आले, त्याची मुदत 2047 अखेरपर्यंत आहे. शिवाय अनुवादकाचा हक्क वेगळा. मूळ इंग्रजी ग्रंथ खुला झाला म्हणून बाजारातला मराठी अनुवाद स्कॅन करून टाकता येत नाही.

झेरॉक्सचे काय, हे हमखास विचारले जाते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही अध्यापनासाठी लागणाऱ्या प्रती काढण्याची मुभा मान्य केली, आणि पुढे प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ही सवलत शिकवण्याच्या ओघातल्या प्रतींची आहे. अनुवाद करून संकेतस्थळावर टाकण्याचा आधार म्हणून ती धरू नये.

आता आम्ही काम सुरू करण्यापूर्वी मूळ पानाचा परवाना दिसेल असा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की अटी पाळणाऱ्याकडून तो परत घेता येत नाही, पण तो होता हे दाखवता आले पाहिजे. स्वतःची टिपणेही आम्ही आता नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर सोडत नाही. 'एनसी' लावावे की नाही यावर गटात बराच वाद झाला. कोणीतरी छापून विकेल ही भीती खोटी नव्हती. पण 'एनसी' लावलेला मजकूर मराठी विकिपीडियावर घेता येत नाही, म्हणून शेवटी बीवाय-एसए ठरले. ही ओळ, गटाचे नाव आणि वर्ष पहिल्याच पानावर छापतो. मागच्या पानावर छापले होते, तेव्हा झेरॉक्स काढणाऱ्यांनी नेमके तेच पान गाळले.