एकच काटा, तीन मापे : ॲनालॉग मल्टिमीटर कसा घडला

प्रयोगशाळेत ॲनालॉग मल्टिमीटर समोर ठेवा आणि नुसता डायल पाहा. व्होल्ट आणि अँपिअरचे शून्य डावीकडे आहे, ओहमचे मात्र उजवीकडे. हे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८२० मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेडने तारेतील विद्युतप्रवाहामुळे होकायंत्राची सुई वळते हे दाखवले. त्याच वर्षी श्वायगरने तारेचे अनेक वेढे घेऊन हा परिणाम वाढवला. पण मोकळ्या सुईवर पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही परिणाम होई. १८८२ मध्ये फ्रान्समध्ये दप्रे आणि दार्सोनव्हाल यांनी मांडणी उलटवली : चुंबक स्थिर, कॉइल फिरती. अमेरिकेत एडवर्ड वेस्टनने १८८८ च्या सुमारास या तत्त्वावर सहज नेता येणारे, अचूक मीटर बनवले. तुमच्या मीटरच्या काचेमागे आजही हीच रचना आहे.

तरीही प्रत्येक मापाला वेगळे मीटर लागे. ब्रिटिश पोस्ट ऑफिसातील इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी याला दूरसंचार यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी ही सगळी उपकरणे वागवण्याचा कंटाळा आला. (चांगली उपकरणे बरेचदा कंटाळ्यातूनच जन्मतात!) त्याचे 'ॲव्होमीटर' १९२३ मध्ये विक्रीला आले. नाव अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांचे.

कॉइलला कळतो तो फक्त प्रवाह. मोठा प्रवाह मोजताना समांतर शंट जोडून बराचसा बाजूने काढून देतात. व्होल्टेजसाठी एकसरीत मोठा रोध घालतात. रोध मोजताना प्रवाह देणारा कोणी नसतो, म्हणून मीटरमध्येच सेल बसवतात. प्रोब एकमेकांना टेकवले की बाहेरचा रोध शून्य, प्रवाह सर्वाधिक, काटा पूर्ण उजवीकडे. उलट्या स्केलचे कारण हेच. सेल उतरला की काटा तिथवर पोहोचत नाही, म्हणून रेंज बदलली की दर वेळी 'झिरो ॲडजस्ट' करा. काटा उजवीकडे जायला प्रवाह लाल टोकातून आत यावा लागतो; म्हणजे ओहम रेंजवर तो काळ्या टोकातून बाहेर पडतो. त्यामुळे बहुतेक ॲनालॉग मीटरांत तेव्हा काळा प्रोब धन असतो. डायोड तपासताना हे विसरलात तर चांगला डायोड उलटा ठरवाल.

आता खरी अडचण. १० व्होल्टवर १०० किलोओहमचे दोन रोध एकसरीत जोडा. एकावर ५ व्होल्ट हवेत. प्रति व्होल्ट १,००० ओहमचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावला, तर त्याचा स्वतःचा रोध फक्त १० किलोओहम. तो रोधाला समांतर येतो आणि काटा ०.८३ व्होल्ट दाखवतो! मीटर बिघडलेला नाही आणि ओहमचा नियमही चुकलेला नाही. तुम्ही परिपथच बदललात. प्रति व्होल्ट २०,००० ओहमच्या मीटरवर, उदाहरणार्थ ॲव्हो मॉडेल ८ वर, हेच वाचन ४ व्होल्ट येते. १० मेगओहमच्या डिजिटल मीटरवर सुमारे ४.९८.

उत्तर जुळत नाही म्हणून वहीत ५ लिहून टाकणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. ०.८३ च लिहा, शेजारी रेंज आणि मीटरची प्रति व्होल्ट ओहम संख्या लिहा. ती संख्या डायलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली असते.